केरीच्या सड्यावर वाऱ्याची वाट बघत बसणारे आणखी कोणी आहे का इथे?

सड्यावरचा (म्हापसा)

शनिवारी पुन्हा तेच. सकाळी साडेनऊला म्हापशाहून निघालो, पाच जण, दोन गाड्या. वाटेत भाजीपाव, अकराच्या आत केरीच्या सड्यावर, म्हणजे समुद्राकाठच्या जांभ्याच्या पठारावर. (पेडण्यातलं केरी. सत्तरीतलं नव्हे, फोंड्यातलंही नव्हे. गोव्यात केरी म्हटलं की हा खुलासा करावाच लागतो.) संध्याकाळी साडेपाचला पॅराग्लायडरचे पंख पिशवीतून बाहेरही न काढता परत. बायकोने दारातच विचारलं, "आज किती तास बसलात?" 'उडालात का' हे विचारणं तिने दोन वर्षांपूर्वीच सोडलंय.

गेल्या मोसमात मी वही ठेवली होती. ऑक्टोबरअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत १९ फेऱ्या, त्यातल्या ६ वेळा उडालो. हवेतला वेळ एकूण तीन तास दहा मिनिटं. बसण्याची बेरीज केली नाही, धीर झाला नाही.

आम्ही चौघे पॅराग्लायडरवाले, सगळे कामशेतला शिकलेले. पाचवा पुण्याहून टपावर हँग ग्लायडर बांधून येतो. तो इथे आहे, लिहीलच.

धागा काढायचं कारण असं की वाट कशी बघायची हे शिकवणारं कोणी भेटलं नाही. टेक-ऑफ शिकवतात, लँडिंग शिकवतात, सहा तास दगडावर बसून डोकं ताळ्यावर कसं ठेवायचं ते कोणी सांगत नाही. आणि दुसरं म्हणजे, तुमच्या टोळीत 'आज नको' हे कोण म्हणतं?

चिकू

वाचतेय. बाळबोध प्रश्न आहेत, हसू नका. १. हँग ग्लायडर आणि पॅराग्लायडर वेगळे असतात का? २. कळंगुटला मला एकाने 'कधीही या, उडवायची गॅरंटी' म्हणून सांगितलं होतं. मग तुम्ही का बसून राहता?

पुण्याचा_दांडा

चिकू, दुसरं आधी. कळंगुटला बोट पुढे आणि दोरीने बांधलेला माणूस मागे, ते पॅरासेलिंग. बोटीला डिझेल लागतं, वारा फार नसला तर बरंच. आमचं उलटं आहे.

आता पहिलं. पॅराग्लायडर म्हणजे कापडाचा पंख, त्यात हवा भरली की आकार येतो. घडी करून पाठीवर घ्या आणि चाला. हँग ग्लायडरला ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा असतो, त्यावर ताणलेलं कापड. पायलट खाली पालथा लटकतो, समोर त्रिकोणी दांडा. तो ओढला की वेग वाढतो, ढकलला की कमी होतो, वळायचं तर अंग त्या बाजूला न्यायचं. स्टिअरिंग वगैरे काही नाही, आपलं वजन हेच सगळं. एक मीटर उंची गमावून साधं पॅराग्लायडर आठ-नऊ मीटर पुढे जातं, माझा दांडा बारा-तेरा.

शिक्षा अशी की गुंडाळल्यावरही तो जवळपास सहा मीटर लांब आणि तीस किलोचा. आंबोली घाटात प्रत्येक वळणावर समोरचा एसटीवाला माझ्याकडे काय नजरेने बघतो ते मलाच माहीत. सड्यावर जोडायला अर्धा तास, आणि खाली जांभ्याचे दगड. हे चौघे पाच मिनिटांत पंख पसरून तयार, मी आपला काड्या सरकवतोय.

वाट बघण्यावरून आठवलं. हँग ग्लायडिंगचा मूळ पुरुष म्हणजे जर्मनीचा ओटो लिलिएंटाल. त्याने १८९४ मध्ये बर्लिनजवळ लिख्टरफेल्डला स्वतःसाठी पंधरा मीटर उंचीची टेकडी रचून घेतली. शंकूच्या आकाराची, चहूबाजूंनी उतार. का? वारा कुठूनही येवो, त्याच्या तोंडावर पळत सुटायला जागा हवी म्हणून. वाट बघायला कंटाळलेला माणूस काय करेल याचा नेम नाही. आम्हाला मात्र केरीत एकच तोंड मिळालंय, पश्चिमेचं.

स्पष्टच_बोलतो

आणि तो लिलिएंटाल १८९६ च्या ऑगस्टमध्ये ग्लायडरवरून पडून गेला, तेही लिहा की.

मतलई (पणजी)

माझं नाव घेतल्याशिवाय हा धागा पुढे जाणार नाही म्हणून मीच येते. शाळेत भूगोल शिकवते. दर वर्षी खारे वारे आणि मतलई वारे फळ्यावर काढते आणि मुलं जांभया देतात. सड्यावरच्या लोकांना या दोन बाणांशिवाय दुसरं काय हवं असतं?

रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उबदार राहतो, म्हणून हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहते. तो मतलई. डिसेंबर-जानेवारीत हा सकाळी चांगला जोर धरून असतो, त्यात मुळातलं ईशान्येचं वाहणं मिसळतं. दिवस चढला की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. तो खारा. दोघांच्या बदलीत मध्ये एक मेलेला तास असतो, पान हलत नाही. मुलांना मी सांगते, दुपारी माडाच्या झावळ्या कुठल्या बाजूला वळल्यात ते बघून घरी या.

तुमच्या कामाचा मुद्दा असा: पूर्वेचा जोर जास्त असेल त्या दिवशी खारा उशिरा येतो, कधी कधी येतच नाही. तेव्हा आदल्या रात्री खूप गार वाटलं आणि सकाळी मतलई जोरात असला तर सड्यावर जेवणाचा डबा घेऊनच जा.

आणि मोबाईलवरच्या त्या रंगीत वाऱ्यांवर फार विसंबू नका. युरोपचं जे मॉडेल सगळे बघतात त्याची चौकट साधारण ९ किलोमीटरची. त्या एका चौकटीत तुमचा सडा, नदी, किनारा आणि अर्धं हरमल बसतं. त्याला तुमचा कडा दिसतच नाही.

सड्यावरचा

मतलईताई, दंडवत. 'मेलेला तास' हा शब्द आजपासून आमचा.

चिकूसाठी पुढचं: खारा येऊन समुद्राकडच्या कड्यावर आपटतो, पुढे जागा नाही म्हणून वर चढतो. तो वर चढणारा पट्टा म्हणजेच आमचा रस्ता. त्यात कड्याला समांतर इकडून तिकडे फेऱ्या मारायच्या. माझा पंख स्थिर हवेत सेकंदाला साधारण एक मीटर खाली येतो. वारा त्याहून जास्त वेगाने वर ढकलत असेल तर तरंगलो, नाहीतर वाळूत.

म्हणून वारा तासाला १५ ते २२ किलोमीटर असावा, सरळ समोरून असावा आणि एकसारखा असावा. पंचविशीच्या पुढे मी पिशवी उघडत नाही. पंखाचा स्वतःचा वेग तासाला छत्तीस-सदतीस. वारा तीसच्या वर गेला की पुढे सरकायला काही उरत नाही, आणि मागे रेटला गेलात की कड्यामागची हवा भोवरे खात असते. शिवाय वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. २० चा ३० झाला की ऐकायला दीडपट, अंगावर सव्वादोनपट.

हातातल्या यंत्रापेक्षा मी समुद्र जास्त बघतो. लाटांच्या माथ्यावर पांढरे तुरे कुठे कुठे दिसले तर ठीक. सगळीकडे तुरेच तुरे दिसले की शॅकमध्ये जाऊन रस-ऑम्लेट मागवायचं.

आणि पूर्वेचा वारा असताना त्या काठावर उभंही राहू नये. पाठीमागून येणारी झुळूक सुखद वाटते आणि पंख उचलला की काठाखाली दाबते.

डिचोलीचा_काका

पोरांनो, वारा वारा करताय, भरतीचं काय? उतरणार कुठे? केरीची वाळू भरतीला ओढणीएवढी उरते, सुरूच्या झाडांपर्यंत पाणी.

जुना हिशेब सांगतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी, चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. म्हणजे संकष्टीला दुपारी जाऊ नका, बाप्पाही रागावेल. द्वादशीला नऊची भरती, सुकती (ओहोटी) तीनच्या सुमारास. हा हिशेब मुंबईकडचा, गोव्यात अर्धा-पाऊण तास आधी धरा. द्वादशी-त्रयोदशी तुमची.

अवांतर: आमच्या भाच्याने पणजीत घरमालकाला सांगितलं, मी पायलट आहे. मालक म्हणाला, स्टँड कुठला? (गोव्याबाहेरच्यांसाठी: इथे पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल चालवून भाडं मारणारा.)

पुण्याचा_दांडा

काका, साष्टांग! मी भरती-ओहोटीचं ॲप विकत घेतलंय आणि तुम्ही कालनिर्णयावर काम भागवलंत.

स्पष्टच_बोलतो

सगळं गोड गोड चाललंय म्हणून विचारतो. जानेवारी २०२५ मध्ये याच केरीत पॅराग्लायडिंग करताना एक पर्यटक मुलगी आणि तिचा इन्स्ट्रक्टर, दोघे गेले. मोप विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून सुरू आहे, तोही पेडण्यातच. परवानगी, विमा, रिझर्व्ह पॅराशूट, यातलं काय आहे तुमच्याकडे?

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर. 'आज नको' कोण म्हणतं? कोणीच म्हणत नाही. मी स्वतः कामशेतला तीन मोसम काढलेत. एकटा असताना मी दहा वेळा घरी परत आलोय. मित्र बरोबर असले की एकदाही नाही. चार तास बसल्यावर प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो, आणि ज्याला सगळ्यात कमी कळतं तो उठून पंख पसरतो. मग बाकीचे उठतात. मित्र म्हणजे आधार वगैरे लिहू नका, सड्यावर मित्र हेच संकट.

सड्यावरचा

रिझर्व्ह आणि विमा पाचही जणांकडे. आम्ही पैसे घेऊन कोणाला उडवत नाही. त्या जानेवारीनंतर तीन महिने पंख कपाटात होते, आता मोसमाआधी लेखी विचारल्याशिवाय जात नाही. प्रश्न योग्यच होता, राग नाही.

मित्रांबद्दलचं वाचून मात्र गप्प बसवेना. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतलं सांगतो, इथे कधी लिहिलं नव्हतं.

शुक्रवार, शनिवार, रविवार, तीन दिवस बसून होतो. दांड्याला रात्री पुण्याला निघायचं होतं. रविवारी सव्वापाचला वारा बाराच्या खाली आलेला. खारा संध्याकाळी मरतो हे पाचही जणांना तोंडपाठ. आमचा बँकवाला नुसताच म्हणाला, "उद्या सोमवार." एवढंच. मी पंख पसरला. कोणी नको म्हटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी कोणाकडे बघितलंही नाही, कोणी नको म्हणेल या भीतीने.

पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या वळणावर काठ माझ्या डोळ्यांच्या वर गेला. खाली खडक, खडकांपुढे वाळू नव्हतीच, भरती. गुडघाभर पाण्यात उतरलो. पाय टेकले तेव्हा वाटलं, सुटलो. मग पंख पुढे पाण्यात पडला, लाट परत फिरली आणि पंखात भरलेल्या पाण्यासकट मला घेऊन निघाली. दोऱ्या डाव्या पोटरीला. छातीचं बक्कल सुटलं, उजव्या पायाचं सुटलं, डाव्या पायाचं सुटेना. ते बक्कल मी शेकडो वेळा अंधारात उघडलंय. अंगठा दाबतोय आणि अंगठ्यात जोरच नाही. नाकातोंडात खारं पाणी गेल्यावर कळलं की कंबरभर पाण्यातही माणूस बुडू शकतो.

आमच्यातला डॉक्टर पायवाटेने धावत आला, त्याच्या मागे रापणीवरचे (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे) दोघे जण. त्यांनी आधी पंखाचं एक टोक धरून किनाऱ्याकडे फिरवलं, रापण ओढतात तसं, मग पाणी आपोआप बाहेर पडलं. आम्हा पाचांपैकी कोणालाही ते सुचलं नसतं.

वाळूच्या वरच्या अंगाला एका घरातल्या बाईंनी विहीर दिली. मीठ राहिलं तर कापड आणि दोऱ्या जातात, म्हणून चाळीसेक कळशा ओतल्या. मिरच्या वाळत घालायची ताडपत्री त्यांनी झटकून दिली, त्यावर पंख पसरला. त्यांनी एकच विचारलं, "घरी आई आहे का?"

तेव्हापासून आमच्याकडे चिठ्ठ्या आहेत. वाऱ्यावर बोलणं सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं, हो किंवा नको. डॉक्टरच्या टोपीत टाकायचं. एक जरी 'नको' निघालं तरी त्या तासाला कोणी उडत नाही. कोणी लिहिलं हे विचारायचं नाही. आणि साडेचारनंतर चिठ्ठ्याच नाहीत, सरळ गाडी.

पुण्याचा_दांडा

साडेचारशे किलोमीटर गाडी हाणून आलेल्या माणसाच्या बाजूनेही कोणीतरी लिहा. 'नको' कोणाचं असतं हे मला दर वेळी कळतं. बँकवाल्याचं अक्षर मी ओळखतो.

स्पष्टच_बोलतो

माझे शब्द थोडे मागे घेतो. पण चिठ्ठी ही युक्ती आहे, धाडस नव्हे. तोंडावर 'नको' म्हणता येत नाही हे तुम्हीच कबूल केलंत.

सड्यावरचा

कबूल. तोंडावर येत नाही, म्हणूनच तर टोपी.

मांद्रेकर

गाववाला बोलतोय. आमच्याकडे रापणीच्या दिवशी म्हातारे लोक काही बोलत नाहीत. पाण्याकडे बघतात आणि घरी जायला निघतात, की बाकीच्यांनी समजायचं. माझा आजोबा तर पाठ फिरवून एवढंच म्हणायचा, "आज वारो ना, घरा वच." तुम्ही शिकलेले म्हणून कागद लागतो. हलकं घ्या.

एक विचारू? ते घर आजोबा मंदिराच्या वाटेवर, पुढे दोन फणस, मागे विहीर, असं होतं का?

चिकू

एका रविवारी मी येऊन नुसती बसू का तुमच्यात? उडायचं नाही.

सड्यावरचा

या. काकांच्या हिशेबाने येत्या रविवारी द्वादशी. टोपी आणि पाणी आणा. मांद्रेकर, दोन फणस होते. का?

सड्यावरचा (रविवार, ११:२०)

सड्यावरून. मतलई अजून आहे. काठीला बांधलेली वाऱ्याची फीत समुद्राकडे. ताई, रात्री गार होतं, डबा आणलाय.

सड्यावरचा (१२:५०)

मेलेला तास. फीत काठीला चिकटलीय. डॉक्टर झोपला. तेरेखोलची फेरीबोट तीनदा गेली-आली, आम्ही तिथल्या तिथे.

सड्यावरचा (१:४०)

पश्चिमेचा, आठ-नऊ. एक ब्राह्मणी घार काठावर आली, चार वेळा पंख मारावे लागले तिला आणि निघून गेली. तिचं 'नको'.

सड्यावरचा (२:२०)

सोळा ते अठरा, पण मध्येच सत्तावीसचा झटका. चिठ्ठ्या टाकल्या. तीन 'हो', एक 'नको', एकावर लिहिलंय 'थांबूया'. नियमात असा शब्दच नाही. वाद सुरू.

डिचोलीचा_काका (२:३१)

'थांबूया' लिहिणाऱ्याला माझ्याकडून एक हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू). मार्च येऊ दे.

सड्यावरचा (३:२०)

दुसऱ्या चिठ्ठ्या. झटके थांबले. सतरा, एकसारखा. समुद्रावर तुरळक तुरे. पाच 'हो'. फोन ठेवतो.

चिकू (६:४५)

मी लिहिते, ते सगळे खाली पंख गुंडाळतायत.

मी उडाले नाही, मी नाक धरलं. हँग ग्लायडरचं. दांडा पळण्याआधी त्यात पालथा लटकून बघतो की हार्नेस खरंच अडकवलाय का, आणि तोवर कोणीतरी पुढचं टोक धरून ठेवावं लागतं. न अडकवता पळालेली माणसं झाली आहेत म्हणे. तर पाच मिनिटं तो पंख माझ्या दोन हातांत होता आणि जिवंत जनावरासारखा ओढत होता. तो लटकला, "अडकलोय" म्हणाला, मी खाली वाकून हूक बघितला, तरी त्याने मला पुन्हा बघायला लावला. मग म्हणाला, "सोड आणि बाजूला हो." चार पावलं, आणि समोर काहीच नाही.

आवाज होत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते डोक्यावरून गेले की कापडाची फक्त सळसळ.

चाळीस मिनिटं. बँकवाले सगळ्यात वर होते.

पुण्याचा_दांडा (९:१०)

बेळगावजवळ चहाला थांबलोय. सुकतीला केरीची वाळू क्रिकेटच्या मैदानाएवढी होती. काकांचं कालनिर्णय झिंदाबाद. 'थांबूया' माझं होतं.

मांद्रेकर (९:२५)

आम्ही खालून बघितलं. सड्यावरचा, तो लाल पंख तुमचाच ना? विहीरवाली बाई माझी मावशी. मी तिला धागा वाचून दाखवला. रापणीवरच्या दोघांतला एक तिचा नवरा.

ती म्हणते, ताडपत्री मिळाली, पण निळी बालदी तुमच्या गाडीतून गेली ती गेलीच.

सड्यावरचा (९:४०)

बालदी जीपमध्येच आहे. दोन वर्षं. तिच्यातच आमच्या चिठ्ठ्यांची वही, फीत आणि चहाचा थर्मास असतो. पुढच्या रविवारी वारा असो नसो, आधी मावशीकडे.

मांद्रेकर (९:४४)

संकष्टीला या. भरती तीनला, तुम्हाला सड्यावर काही काम नाही.